वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवताय? मग पोरांच्या माहितीचं एवढं तरी सांभाळा

शाळेतल्या पोरांची माहिती सगळ्यात जास्त कुठून बाहेर जात असेल तर ती आपल्याच मोबाईलमधून. वरून मेसेज येतो की आजच्या आज आधार भरा, सर ग्रुपवर टाकतात 'सर्वांनी आधारचा फोटो पाठवा', आणि पालक धडाधड टाकत सुटतात. ग्रुपमध्ये कुणाचा काका असतो, कुणाचा दादा, एक-दोन नंबर तर कोणाचे ते कुणालाच माहीत नसतं, पण सगळ्यांच्या गॅलरीत अख्ख्या वर्गाची जन्मतारीख आणि पत्ता जाऊन बसतो.

तर पहिलं काम, ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त अ‍ॅडमिनच पाठवू शकेल असं करा आणि कागदपत्रं आपल्या नंबरवर पर्सनल मागवा, एंट्री झाली की फोटो डिलीट, गॅलरीतून आणि ट्रॅशमधून पण. सरकारी पोर्टलला पूर्ण नंबर लागतो ते ठीक, पण सहलीला किंवा चित्रकला स्पर्धेला आधार कशाला लागतं हे कोणी विचारतच नाही. अगदीच अडलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून डाऊनलोड होतं. अपार आयडीच्या (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) संमतीपत्राचंही तेच, पालकसभेत सह्या गोळा करताना 'नको असेल तर नाही म्हणता येतं' हे सांगायचं बरोब्बर राहून जातं, ते सांगा.

नुसत्या सूचनाच द्यायच्या असतील तर ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फक्त त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह हवा, नाहीतर मेसेज पोचतच नाही आणि मग 'सर आम्हाला कळवलंच नाही' सुरू.

आता फोटो. जीपीएस कॅमेऱ्याने काढलेला फोटो, खाली गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, सगळं छापलेलं. वर वरिष्ठांना पाठवायला लागतो म्हणून काढतो आपण, पण तोच फोटो शाळेच्या फेसबुक पेजवर जातो आणि वर कॅप्शन 'इयत्ता चौथीची कु. अमुक तमुक'. चेहरा, नाव, वर्ग, शाळेचं ठिकाण, अजून काय पाहिजे कोणाला? पेजसाठी साध्या कॅमेऱ्याने लांबून ग्रुप फोटो काढा, निदान खालची पट्टी तरी कापा, आणि चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र नकोच. सत्काराचा फोटो असेल तर आधी घरी विचारा. आणि दहावीचं हॉल तिकीट स्टेटसला ठेवू नका म्हणून मुलांना सांगा, बोर्डाचा ऑनलाईन निकाल सीट नंबर आणि आईच्या नावावर उघडतो, दोन्ही त्या तिकिटावरच असतात, म्हणजे पोराच्या आधी गल्लीलाच मार्क कळणार.

गुगल फॉर्मवाल्यांनी एकदा शेअरिंग तपासा, उत्तरांची शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी उघडी असते कधीकधी, आणि ती लिंक फिरत फिरत कुठे जाईल सांगता येत नाही.

कॉम्प्युटर लॅबमध्ये पासवर्ड म्हणून जन्मतारीख नको. ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका आणि तास संपला की लॉगआऊट झालंय का हे स्वतः फिरून बघा, पोरं नुसता मॉनिटर बंद करून पळतात.

आणि कधी एखादी मुलगी रडत आली की कोणीतरी फोटो एडिट करून फिरवतोय, तर 'फोन वापरायला कोणी सांगितला होता' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ती येणारच नाही. शांतपणे नंबर, अकाऊंटची लिंक, वेळ लिहून घ्या, चॅट डिलीट करू देऊ नका. फोटो अश्लील असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा स्टाफच्या ग्रुपवर पाठवायचा नाही, मुलांचं असलं काही पुढे ढकलणं हाच आयटी कायद्याच्या 67-बी खाली गुन्हा आहे. घरच्यांना बोलवा, पोलिसात जा. ऑनलाईन तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इनवर करता येते, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, आणि पैसे गेले असतील तर 1930 ला लगेच फोन, तिथे उशीर चालत नाही. शाळेचं नाव खराब होईल म्हणून ऑफिसातच मिटवायचा सल्ला देणारे भेटतील, पण पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम 19 नुसार असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक असो नाहीतर शिपाई, आणि नाही कळवलं तर शिक्षा कळवणं टाळणाऱ्याला होते.