एका खडपाची नोंदवही: ओहोटीतल्या जीवसृष्टीचा अभ्यास कसा करावा

सागरी जैवविविधतेचा अभ्यास म्हटले की बोट, पाणबुड्याचा पोशाख आणि निळ्याशार पाण्यातले प्रवाळ डोळ्यांसमोर येतात. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या किंवा तिथे वरचेवर जाणाऱ्या माणसाला मात्र पोहता येत नसले, तरी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर, मोलाचे काम करता येते. त्यासाठी खडप एकच निवडावे आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षे परत यावे. दहा किनाऱ्यांवर एकेकदा काढलेल्या शेकडो छायाचित्रांवरून तिथे काय होते एवढे कळते; काय कमी झाले हे कळत नाही, आणि एखादी जेटी किंवा रस्ता येऊ घातला की पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे छापील कोष्टक जवळ असावेच, पण दर्यावर्दींचा जुना हिशेबही शिकून घ्यावा. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वात लांब जाते, म्हणून हेच दिवस धरावेत. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वात कमी असतो, तेव्हा खडपाचा खालचा, सर्वात समृद्ध भाग उघडाच पडत नाही. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचावे, उतरत्या पाण्यामागून खाली जावे आणि पाणी वळले की काम अर्धे राहिले तरी मागे फिरावे.

साहित्य फारसे लागत नाही: तीस मीटरची दोरी, अर्धा मीटर बाजूची चौकोनी चौकट, पट्टी, पेन्सिल आणि जाड कागदाची वही. चौकट प्लॅस्टिकच्या नळीची करून तिच्यात दहा-दहा सेंटिमीटरवर सुतळी ताणली की पंचवीस घरे तयार होतात. भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या काठापर्यंत दोरी सरळ टाकावी आणि ठरलेल्या अंतरांवर चौकट ठेवावी. अंतर आधी ठरवून तेच पाळणे महत्त्वाचे, कारण तसे न केल्यास हात नकळत चौकट सुंदर डबक्यावर नेऊन ठेवतो. दोरीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश आणि मागे दिसणाऱ्या एखाद्या देवळाचे किंवा माडाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढच्या खेपेला ती जागा फोनपेक्षा माडामुळे लवकर सापडते.

मोजणीचे दोन प्रकार आहेत. गोगलगाई, खेकडे, समुद्रफुले असे सुटे जीव संख्येने मोजावेत. शेवाळ, कालवे, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) असे खडकाला पसरून चिकटलेले जीव पंचवीसपैकी किती घरे व्यापतात ते लिहावे. वरच्या, उन्हाने तापणाऱ्या पट्ट्यात बारीक लिटोरिना गोगलगाई आणि कालवे भेटतात, मधल्या पट्ट्यात नेरिटा गोगलगाई आणि टोपीच्या आकाराच्या शंखाचे लिंपेट, तर तळाशी झोअँथिडांचे, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जीवांचे गालिचे आणि सरगॅसमसारखी शेवाळे.

माझ्या पहिल्या हंगामातील नोंदी मला टाकून द्याव्या लागल्या, कारण दिसेल तो शंख मी गोगलगाय म्हणून मोजला होता. पुढे एका डबक्याशी स्वस्थ बसल्यावर लक्षात आले, की गोगलगाय संथपणे, जणू खडकावर सांडत जावी तशी सरकते. पण बरेच शंख अचानक उठून तुरुतुरु धावत होते, कारण त्यांच्यात शंखवासी खेकडे राहत होते. प्रत्येक चौकटीपाशी दोन मिनिटे सावली न पाडता थांबावे आणि मगच आकडा लिहावा. बार्नॅकलच्या बाबतीतही हेच: मधले झाकण घट्ट मिटलेले असेल तर तो जिवंत, नुसता खड्डा असेल तर मेलेला, दोन्ही वेगळे लिहावेत. चौकटीत काहीच नसेल तर शून्य लिहावे, कारण मोकळा सोडलेला रकाना पुढे कोणालाच वाचता येत नाही.

उलटवलेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात टिकत नाहीत. शंकूच्या आकाराचे शंख हातात घेऊ नयेत, त्यांतल्या काहींचा दंश जीवघेणा असतो, आणि काही झोअँथिडांत तीव्र विष असल्याने त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. सर्व कठीण प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. १९८७मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या क्षेत्रात काम करायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

खडपावर कालवे काढायला येणाऱ्या मावशींशी बोलल्याशिवाय परतू नये. कोणत्या महिन्यात कालव भरलेले असते, कोणती खाच आता रिकामी पडली, हे त्यांना ठाऊक असते. त्यांनी सांगितलेली नावे त्यांच्याच उच्चारात लिहावीत आणि स्वतःच्या मोजणीपासून वेगळ्या रकान्यात ठेवावीत. ओळख पटत नसेल तर वरून, बाजूने आणि पट्टीसह अशी तीन छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकावीत. दुर्मीळ जीवाचे नेमके ठिकाण मात्र झाकून ठेवावे.

पावसाळ्यात खडपावर उतरू नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्याही किनाऱ्याला लागलेल्या असतात. तेव्हा घरी बसून वही तक्त्यात उतरवावी, संशयास्पद ओळखींवर खूण करावी आणि समुद्र निवळला की एखाद्या द्वितीयेला त्याच दोन टोकांमध्ये पुन्हा दोरी ताणावी.