लघवीतलं प्रोटीन तपासताना या चुका टाळा

नौपाड्यातल्या लॅबमध्ये मी सकाळी सॅम्पल घेते. रविवारी येऊरला पळायला जाणारे एक काका तिथूनच थेट आले. लघवी होत नव्हती म्हणून कूलरचं चार ग्लास पाणी प्यायले आणि नळाच्या पाण्यासारखी पांढरी लघवी भरून डबी माझ्यासमोर ठेवली. ती मी परत केली, तर त्यांना राग आला.

पण पाणी ढोसून दिलेल्या सॅम्पलमध्ये प्रोटीन इतकं विरळ होतं की लघवीत बुडवायच्या साध्या स्ट्रिपवर 'निल' येतं आणि माणूस निर्धास्त होतो. दमछाक होईल असा व्यायाम केला, तर उलट घडतं. किडनी ठणठणीत असूनही दिवसभर प्रोटीन जास्त दिसू शकतं. ताप, लघवीचं इन्फेक्शन आणि पाळी यांमुळेही रिपोर्ट बिघडतो. पाळीचे दिवस असतील तर बायका संकोचाने बोलत नाहीत. सांगा हो, चार-सहा दिवसांनी या म्हणू, एवढंच.

डायबेटिस किंवा बीपी असलेल्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: 'रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवी कशाला तपासायची?' क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून लघवीत टाकते तो कचरा. रक्तात तो वाढायच्या कितीतरी आधी किडनीच्या चाळणीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन झिरपायला लागतं. हे थोडंसं झिरपणं साध्या स्ट्रिपला कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लिहून द्यायला सांगा. 30 च्या आत असेल तर ठीक, 30 ते 300 म्हणजे सावध व्हायची वेळ, त्यापुढे गेला तर उशीर नको. हे आकडे एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे मिलिग्रॅमचे. रिपोर्टवर एकक वेगळं असेल तर विचारून घ्या. टाइप 2 डायबेटिस कळला की लगेच, आणि पुढे दरवर्षी ही टेस्ट व्हायलाच हवी.

एकच रिपोर्ट वाढलेला आला म्हणून रडत बसू नका, आणि फाइलमध्ये दडवूनही ठेवू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेला आला, तरच तो पक्का धरतात.

चोवीस तासांच्या लघवीचा कॅन दिला असेल, तर पहिल्या दिवशी उठल्यावरची लघवी टाकायची, नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी उठल्यावरचीसुद्धा. ऑफिसला जायचा दिवस यासाठी निवडू नका. लोकलच्या गर्दीत कॅन कुठे सांभाळणार?

एसीआरसाठी मात्र डबी आदल्या संध्याकाळीच घेऊन जा. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, सुरुवातीची धार सोडून मधली डबीत धरा, आणि तासाभरात आणून द्या.