कळमन्याच्या बाजारातील प्रश्न संशोधनात कसा आणावा

व्यवस्थापन किंवा वाणिज्य शाखेत पीएचडीसाठी विषय ठरवताना विद्यार्थ्याने स्वतःला आधी एकच प्रश्न विचारावा: आपला निष्कर्ष हाती आल्यावर नेमके कोण आणि काय वेगळे करणार आहे? ‘विदर्भातील संत्रा उत्पादकांच्या समस्यांचा अभ्यास’ या शीर्षकाला याचे उत्तर देता येत नाही. त्याऐवजी ‘हंगामापूर्वी अडत्याकडून (बाजारातील दलालाकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या शेतकऱ्याला नागपूरच्या कळमना बाजारात मिळणारा निव्वळ भाव कमी असतो का’ असे विचारले, तर त्या उत्तराचा उपयोग बाजार समिती, पीककर्ज देणारी बँक आणि शेतकरी उत्पादक कंपनी अशा तिघांनाही होतो. पुढील विवेचन हेच उदाहरण धरून केले आहे.

हा विषय नागपुरातच नीट होऊ शकतो. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच शहरात आहे, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि कलम, कीड, पाणी यांवर शास्त्रज्ञांचे काम चालू आहे. विक्री, उधारी आणि चुकारा (मालाचे पैसे मिळणे) ही बाजू मात्र व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी उचलायची आहे, आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठापासून मिहानमधील भारतीय व्यवस्थापन संस्थेपर्यंत येथे शिकणाऱ्या प्रत्येकाचे ते कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, या विषयावरील जुने प्रबंध पाहावेत. त्यानंतर अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरून आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव उतरवून घ्यावेत. परंतु हे भाव कपातीपूर्वीचे असतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात काय पडले हे त्यांतून कळत नाही. जी माहिती बाजार समितीच्या दप्तरात असून प्रसिद्ध झालेली नाही, ती आधी सचिवांना भेटून मागावी. तेवढ्याने न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.

या अभ्यासातील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे विक्रीनंतर अडत्या शेतकऱ्याला देतो ती हिशोबपट्टी. तिच्यावर मालाचे वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे आणि पूर्वी घेतलेल्या उचलीची वळती (वजावट) अशा नोंदी एकाखाली एक सापडतात. फळे व भाजीपाल्याची अडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्याने २०१६ मध्ये घेतला. म्हणून पट्टीवर एखादी कपात दिसली, तर ती कोणत्या नावाने झाली आहे हे पाहून जसेच्या तसे टिपावे. शेतकऱ्याच्या परवानगीने पट्टीचा फोटो घ्यावा आणि नाव लगेच झाकावे.

प्रश्नावली करताना ‘आपण बाजारव्यवस्थेबाबत किती समाधानी आहात, एक ते पाच यांपैकी सांगा’ असा प्रश्न शक्यतो टाळावा. समोरचा माणूस सौजन्याने ‘बरं आहे’ म्हणतो आणि त्या उत्तरातून काहीच निष्पन्न होत नाही. शेवटची गाडी कोणत्या दिवशी नेली, भाव कोणासमोर ठरला, चुकारा किती दिवसांनी आला, त्याच अडत्याकडे पुन्हा माल का नेला, असे घडलेल्या व्यवहाराविषयीचे प्रश्न विचारावेत. उचल हा शब्द पहिल्याच प्रश्नात आणू नये. कर्जाचा विषय निघाला की माणूस सावध होतो, म्हणून तो संभाषणाच्या ओघात यावा. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यातील फळांची) तोडणी साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चालते. त्या दिवसांत शेतकऱ्याला सवड नसते, परंतु फार उशीर केला तर आकडे विस्मरणात जातात, म्हणून गर्दी ओसरताच गावी जाऊन भेटावे.

नमुन्याच्या बाबतीत ३८४ या आकड्याचा फार मोह पडतो. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तक्त्यातून आलेला असून मोठ्या लोकसंख्येसाठी, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून काढलेला आहे. मात्र निवड यादृच्छिक असेल तरच तो लागू पडतो. बाजाराच्या फाटकाशी जे भेटले त्यांच्याकडून ३८४ अर्ज भरून घेतल्याने नमुना प्रातिनिधिक होत नाही. काटोल, नरखेड आणि कळमेश्वर तालुक्यांतील काही गावे निवडून, तेथील बागायतदारांची यादी करून चिठ्ठ्या टाकाव्यात. संख्या कमी पडली तरी चालेल.

विश्लेषणात खरी कसोटी लागते. उचल घेणारा शेतकरी अनेकदा आधीच अडचणीत असतो, त्याने बागेवर खर्च कमी केलेला असतो आणि त्यामुळे त्याचे फळही लहान असू शकते; तेव्हा भाव कमी मिळाला याचे खापर उचलीवर फोडण्यापूर्वी त्याच दिवशी विकल्या गेलेल्या त्याच प्रतीच्या मालाशी तुलना करावी. शक्य असल्यास एकाच शेतकऱ्याचे उचल घेतलेले आणि न घेतलेले असे दोन हंगाम पाहावेत. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यावर निर्यात घटून येथील भावावर परिणाम झाला, हेही वर्षावर्षांची तुलना करताना विसरू नये.

संत्र्याचा विषय ज्यांना जवळचा नाही, त्यांनी नागपूरजवळच्या हिंगणा व बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योगांकडे पाहावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदारांकडील त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. पैसे थकले तरी उद्योजक तक्रार का करत नाहीत, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

शिफारशी लिहिताना ‘शासनाने लक्ष द्यावे’ असे लिहू नये. बाजार समिती १९६३ च्या राज्य कायद्याखाली चालते आणि तिच्यावर जिल्हा उपनिबंधकांची देखरेख असते. म्हणून प्रत्येक शिफारशीपुढे ती अमलात आणण्याचा अधिकार कोणाला आहे ते स्पष्ट लिहावे. निष्कर्षांचे दोन पानी मराठी टिपण करून, ज्या गावांनी माहिती दिली तेथे ते प्रबंध सादर करण्यापूर्वी वाचून दाखवावे आणि त्यावर आलेले आक्षेप प्रबंधात नोंदवावेत. नावे काढून टाकलेली मूळ आकडेवारी विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला हाच अभ्यास मृग बहारात (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातील फळांच्या हंगामात) करून पाहता येईल.