केंटकी लेकवर वसंतातला क्रॉपी: या चुका टाळा

एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या केंटकी लेकच्या, बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर दोन तऱ्हेच्या बोटी परत येतात. एकीचा कूलर भरलेला असतो, दुसरीत दोन-तीन मासे असतात. तलावाचा फाटा तोच, जिगही (शिशाचं डोकं असलेला, कृत्रिम आमिषाचा गळ) तोच. दोघांच्या गळांमध्ये बहुतेक वेळा चार फुटांचंच अंतर असतं, आणि तेही उभं. वसंतात क्रॉपी हा गोड्या पाण्यातला मासा कुठे असतो हे बहुतेकांना माहीत असतं. तो किती खोलीवर आहे, इथे गाडी अडते.

ज्यांना हा तलाव नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं, तर टेनेसी नदीवर १९४४ मध्ये पूर्ण झालेल्या केंटकी धरणाचा हा फुगवटा आहे. लांबी १८४ मैल, क्षेत्र १,६०,३०० एकर. उजनीचा फुगवटा पाहिला असेल तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल: मधे जुन्या नदीचं खोल पात्र, कडेला ओढ्यांचे रुंद फाटे, त्यांत बुडालेले बुंधे. पश्चिमेकडचे जोनाथन क्रीक आणि ब्लड रिव्हर हे मोठे फाटे. पूर्वेकडचे, लँड बिटवीन द लेक्स या दोन तलावांमधल्या भूपट्ट्याच्या बाजूचे फाटे लहान, खडीचे आणि सहसा जास्त नितळ.

तारीख पाहून जाणं

“गेल्या वर्षी ५ एप्रिलला इथेच मिळाले होते” हे वाक्य विसरा. क्रॉपी पाण्याच्या तापमानावर चालतो. साधारण ५० अंश फॅरनहाइटला (१० सेल्सिअस) तो खोल पात्राच्या कडेवरून फाट्यांच्या तोंडाशी येऊ लागतो. ५५ ते ६० च्या दरम्यान ८ ते १२ फुटांवरच्या झुडपांच्या ढिगांवर आणि स्टेक बेडवर थबकतो. स्टेक बेड म्हणजे तळात रोवलेल्या ओकच्या काठ्यांचा ताटवा, इथली जुनी रीत. ६० ओलांडलं की नर उथळात जाऊन घरटी साफ करतात. अंडी घालण्याचा भर ६२ ते ६८ ला असतो, आणि सत्तरीनंतर मासे परत खोलाची वाट धरतात.

एवढ्या मोठ्या तलावात हे सगळीकडे एकदम होत नाही. उत्तरेकडचा काठ दक्षिणेचं ऊन घेतो आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून आडोशाला असतो, म्हणून फाट्याची ती बाजू आधी तापते. मार्चमध्ये तिथून सुरुवात करा. फाट्याच्या टोकाला मासे अंडी घालून मोकळे झालेले असतात, तेव्हा मुख्य तलावालगत अजून तयारीच चाललेली असते. उशीर झाला असं वाटलं तर फाटा बदला, घरी जाऊ नका.

तापमान मोजण्यातही घोळ होतो. बोटीच्या मागचा सेन्सर पृष्ठभागाजवळचंच पाणी मोजतो. शांत, उन्हाच्या दुपारी वरचा थर तापून ६३ दाखवतो आणि चार फुटांखाली पाणी अजून सत्तावन्नावरच असतं. सकाळी, ऊन चढायच्या आधीचा आकडा धरा आणि तो सलग तीन सकाळी टिकला तरच त्यावर विश्वास ठेवा.

पाणी चढतंय हे न पाहणं

नव्याने येणारे इथेच सगळ्यात जास्त फसतात. तलावाची पातळी टेनेसी व्हॅली अथॉरिटी ही धरण चालवणारी संघीय संस्था ठरवते. हिवाळ्यात ती समुद्रसपाटीपासून ३५४ फूट ठेवतात, उन्हाळ्यात ३५९. ही पाच फुटांची भर १ एप्रिल ते १ मे या महिन्यात घातली जाते, म्हणजे दिवसाला साधारण दोन इंच. पाऊस मोठा झाला तर हे वेळापत्रक कोलमडतं, पातळी ३५९ च्याही वर जाते आणि मग झपाट्याने उतरवली जाते.

याचा अर्थ असा: १ एप्रिलला ८ फुटांवर असलेला स्टेक बेड १ मेला १३ फुटांवर असतो. जीपीएसमध्ये जागा जपून ठेवलेली असते, पण खोली मागच्या आठवड्याची. मासा मात्र पाण्याबरोबर वर सरकलेला असतो, काठाच्या बकब्रश आणि विलोच्या झुडपांत, जिथे दहा दिवसांपूर्वी कोरडी माती होती. प्रत्येक खुणेपुढे खोलीसोबत त्या दिवशीची पातळीही लिहा. अथॉरिटीच्या अ‍ॅपवर ती रोज मिळते.

पाणी चढत असेल तर झुडपांच्या आत, अगदी दोन फूट पाण्यातही जिग सोडून पाहा. उतरायला लागलं की मात्र मासा झुडपांत थांबत नाही. तो पहिल्या उतारावर मागे येतो, आणि सकाळी भरलेलं झुडूप दुपारी रिकामं असतं. पाणी उतरतंय हे समजायला अ‍ॅपही लागत नाही: बुंध्यावर पाण्याच्या रेषेच्या वर ओला, गडद पट्टा दिसतो.

माशाच्या खालून गळ नेणं

क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला बघणारे असतात. तो वर पाहून खातो, खाली वाकून खाणं त्याला फारसं जमत नाही. सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे १० फुटांवर दिसले की जिग ११ फुटांवर सोडणारे पुष्कळ असतात. तो ८–९ वर हवा. शंका असेल तर उथळाकडे चूक करा: एक फूट वर असलेला जिग मासा येऊन घेतो, एक फूट खाली असलेला त्याच्यासाठी नसल्यासारखाच.

खोली मोजायची सोपी पद्धत म्हणजे आकडे मोजणं. माहीत असलेल्या आठ फूट पाण्यात तुमचा १/१६ औंसाचा जिग सोडा, तळाला टेकेपर्यंत किती सेकंद लागतात ते पाहा आणि तोच आकडा दिवसभर वापरा. लाइन जाडी बदलली की पुन्हा मोजा, कारण ४ पौंडी लाइनवर जो वेग मिळतो तो ८ पौंडीवर मिळत नाही.

समोर पाहणारा सोनार आल्यापासून एक नवी खोड लागली आहे. पडद्यावर मासा दिसला की लोक बोट त्याच्या डोक्यावर नेतात. चार फूट पाण्यात ट्रोलिंग मोटरचा (बोट सावकाश हलवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरचा) आवाज गेला की मासा गेला. १० ते १२ फुटांचा रॉड त्याच्यासाठीच आहे. बोट रॉडभर लांब ठेवा आणि जिग वरून अलगद उतरवा.

फ्लोट खाली जाण्याची वाट पाहणं

काठावरून किंवा मुलांसोबत मासेमारी करताना सरकता फ्लोट (लाइनवरची तरंगती खूण) सर्वांत सोयीचा. त्याची जोडणी अशी: लाइनवर आधी थांब-गाठ, मग लहान मणी, मग फ्लोट, गळाच्या फूटभर वर शिशाचा एक दाणा आणि शेवटी ४ नंबरचा पातळ तारेचा गळ. मणी विसरला की गाठ फ्लोटच्या छिद्रातून आरपार जाते, आमिष थेट तळाला बसतं आणि माणूस तासभर चावा नाही म्हणून जागा बदलत राहतो.

आता फ्लोटकडे पाहू. शिसं टांगलेलं असताना तो उभा असतो. अचानक तो आडवा पडला, तर दोनच कारणं असू शकतात. एक म्हणजे शिसं तळाला टेकलंय. दुसरं, क्रॉपीने आमिष खालून घेऊन वर उचललंय, त्यामुळे दोरीवरचं वजन गेलंय. पाणी थांब-गाठीने ठरवलेल्या खोलीपेक्षा खोल आहे हे माहीत असेल तर तो मासाच आहे, ताबडतोब लाइन ताणा. फ्लोट बुडायची वाट पाहत राहिलात तर बहुतेक वेळा आमिष थुंकून झालेलं असतं.

ताणायचं कसं, हेही इथेच. क्रॉपीच्या जबड्याजवळची कातडी कागदासारखी पातळ असते. रोहू-कटल्याला देतात तसा हिसका दिला की ती फाटते. मनगट उचलून लाइन नुसती घट्ट करा, रीळचा ड्रॅग (लाइन सुटू न देणारा अडसर) सैल ठेवा, आणि मासा बोटीजवळ आला की रॉडने उचलून आत घेऊ नका. लांब दांड्याची जाळी लागतेच. बोटीच्या कडेला सुटून गेलेल्या माशांत मोठेच जास्त असतात ही तक्रार खरी आहे, कारण वजन त्यांचंच असतं.

थंडीची लाट येऊन गेल्यावर तेच करत राहणं

वादळापूर्वी ढगाळ, उबदार वाऱ्यात क्रॉपी तुटून पडतो. लाट सरली की आभाळ निळंशार, हवेचा दाब वर, रात्रीत पाणी चार-पाच अंश उतरलेलं. मासा फाटा सोडून जात नाही. जवळच्या पहिल्या उतारावर मागे सरतो आणि झुडपाला चिकटून बसतो. १/१६ ऐवजी १/३२ औंसाचा जिग, दोन इंची ऐवजी दीड इंची प्लास्टिकचं आमिष, आणि हालचाल जवळजवळ नाहीच. जिग झुडपाच्या फांदीला लागेल इतका जवळ धरून तीस सेकंद स्थिर ठेवा. कंटाळवाणं आहे, पण अशा दिवशी दुसरं काही चालत नाही.

जिग इतका स्थिर असताना नीट टांगलेला असायला हवा. मासा आडवा पोहतो, तेव्हा जिगही आडवाच दिसला पाहिजे. प्रत्येक मासा काढल्यावर गाठ जिगच्या कडीच्या पुढच्या बाजूला सरकते आणि जिग नाक वर करून लोंबतो. नखाने गाठ मागे, कडीच्या वरच्या टोकावर सरकवा. दोन सेकंदांचं काम आहे. सारखं विसरत असाल तर लूप गाठ मारा.

झुडपात गळ अडकणारच. पातळ तारेचा गळ आणि ८–१० पौंडी ब्रेडेड लाइन असेल तर रॉड खाली करून सरळ, सावकाश ओढा. गळ उलगडून सुटतो, मग पक्कडीने पुन्हा वाकवा. दोन-तीनदा वाकवल्यावर मात्र तो फेकून नवा लावा. झटके दिले तर सगळं झुडूप हलतं आणि तिथले उरलेले मासेही जातात.

फक्त काळे मासे मिळत असतील तर

वसंतात उथळात एकापाठोपाठ एक काळपट, मध्यम आकाराचे मासे लागतात आणि लोक खूश होतात. ते घरट्यावर पहारा देणारे नर असतात. गाभोळी भरलेल्या मोठ्या माद्या तिथून थोड्या बाहेर, जरा खोल पाण्यात थांबलेल्या असतात आणि अंडी घालण्यापुरत्याच आत येतात. दहा-वीस फूट मागे सरका, दोन-तीन फूट खोल जाऊन पाहा. नर उचलला की घरट्यावरची अंडी लहान माशांच्या तोंडी जातात, त्यामुळे एकाच काठावरून सगळे नर गोळा करण्यात शहाणपण नाही.

याच रंगामुळे पांढऱ्या क्रॉपीच्या नराला काळा क्रॉपी म्हणण्याची चूकही होते. पाठीवरच्या पराचे कडक काटे मोजा: पांढऱ्याला ५–६, काळ्याला ७–८.

आमिषाच्या रंगावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आमच्या मते खोली बरोबर असेल तर रंग तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. गढूळ पाण्यात काळा-पोपटी, नितळ पाण्यात पांढरा किंवा मोतिया करडा. एवढं पुरे. गढूळ पाण्यात मासा उथळ आणि आडोशाला चिकटून असतो, नितळ पाण्यात तो खोल अंडी घालतो. हे रंगापेक्षा महत्त्वाचं.

मिनो मरणं

दुकानातून घेतलेले मिनो (आमिषाचे जिवंत छोटे मासे) दुपारपर्यंत उताणे पडतात, त्याची कारणं ठरलेली. घरच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दुकानातलं गार पाणी आणि तलावाचं उबदार पाणी यांत एकदम बदल केला तर तेही सहन होत नाही. बादलीत गर्दी केली तर ऑक्सिजन संपतो. दुकानाचंच पाणी घ्या, बॅटरीचा एअर पंप लावा, उन्हात बर्फाची बंद बाटली बादलीत सोडा. बर्फाचे खडे टाकू नका, तेही नळाच्याच पाण्याचे असतात. उरलेले मिनो तलावात ओतू नका. मिनो दोन्ही ओठांतून टोचला की जास्त वेळ जगतो आणि सरळ पोहतो.

निघण्याआधी

तलाव दक्षिणोत्तर लांब आहे. त्याच दिशेचा वारा मैलोन्‌मैल पाण्यावरून येत लाटा उभ्या करतो आणि फाट्यात बसून त्याचा अंदाज येत नाही. मुख्य पात्रातून बार्जचे ताफेही जातात. मार्चमध्ये पातळी ३५४ असते तेव्हा फाट्यांच्या उथळ भागात बुंधे पृष्ठभागाच्या जरा खालीच असतात, म्हणून खुणेच्या बोयांमधूनच जा. पाण्याचं तापमान पन्नाशीत असताना पडलात तर पहिल्याच मिनिटात श्वास अडकतो. लाइफ जॅकेट कूलरखाली ठेवण्याची वस्तू नाही. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर, यंत्रणा बसवलेली असेल तर, वेगात जाताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं संघीय कायद्याने बंधनकारक आहे.

केंटकीचं परवाना-वर्ष १ मार्चला बदलतं. फेब्रुवारीत चाललेला कागद ऐन हंगामाच्या तोंडावर शिळा होतो. तलावाचा दक्षिण भाग टेनेसीत आहे, त्यामुळे कोणत्या पुलापर्यंत कोणता परवाना चालतो आणि त्या वर्षी किती, केवढे मासे ठेवता येतात हे दोन्ही राज्यांच्या वन्यजीव विभागांच्या चालू नियमांत पाहूनच निघा.

ठेवलेले मासे लगेच बर्फात जाऊ द्या, कोमट लाइव्हवेलमध्ये (बोटीतल्या, मासे जिवंत ठेवायच्या टाकीत) मेलेल्या माशाचं मांस मऊ पडतं. फिले काढून बरगडीचे काटे कापा, हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवा आणि गरम तेलावर प्रत्येक बाजू दोन मिनिटं. फिले पातळ असतो, बांगड्याइतका वेळ दिला तर सुकतो. मालवणी मसाला हात राखून घाला. क्रॉपीची चव सौम्य आहे, त्याखाली ती हरवते.