दारुहळदीतलं बर्बेरिन मोजताना

मधुमेहावरच्या वनस्पतींपैकी पहिल्या प्रकल्पासाठी दारुहळद घ्या. तिच्यातलं बर्बेरिन हे एकच संयुग मोजायचं असतं आणि ते ३४५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश छान शोषतं, म्हणून एचपीएलसी यंत्रावर (द्रावणातली संयुगं कॉलममधून वेगळी करून मोजणारं यंत्र) सहज दिसतं. मधुनाशिनीचा मोह होईल, पण तिच्यातली जिम्नेमिक आम्लं म्हणजे सॅपोनिनांचं (साबणासारखा फेस करणाऱ्या संयुगांचं) अख्खं कुटुंब. त्यांचं जलविघटन करून त्यांचा सामाईक गाभा, जिम्नेमाजेनिन, मोजावा लागतो. ते नंतर.

मुळाची साल सावलीत वाळवा, दळा, ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रांच्या) चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेला चोथा टाकू नका, पुन्हा दळून त्यातच मिसळा, नाहीतर नमुनाच बदलतो. ०.५ ग्रॅम पूड २५ मिली मिथेनॉलमध्ये अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टबात) ठेवा, गाळा. असं तीनदा. सगळा अर्क १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर एकच खूण असलेल्या) घ्या, पण मिथेनॉलने खुणेपर्यंत भरण्याआधी पूर्ण थंड होऊ द्या. सोनिकेटरचं पाणी तापतं, मिथेनॉल प्रसरण पावतं. पंधरा-वीस अंश गरम असताना खूण गाठली, तर उत्तर दोनेक टक्के जास्त येतं. चौथा अर्क वेगळा तपासा. त्यात बर्बेरिनचं ठळक पीक (आलेखावरचा उंचवटा) दिसलं तर तीन वेळा पुरेसं नव्हतं.

पुडीत २ टक्के बर्बेरिन असेल तर या द्रावणात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली येईल. प्रमाणरेषा (माहीत असलेल्या द्रावणांवरून काढलेला आलेख) ५ ते ५० मायक्रोग्रॅमची असेल, तर पाचपट विरल करूनच यंत्रात इंजेक्ट करा. आधी ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर. पीकला लांब शेपटी आली, तर मोबाइल फेजमधलं (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवातलं) आम्ल तपासा. बर्बेरिनवर धनभार असतो, त्यामुळे ते सी-१८ कॉलमच्या सिलिकावर उरलेल्या सिलॅनॉल गटांना चिकटतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्टँडर्डच्या (तुलनेसाठी विकत घेतलेल्या शुद्ध बर्बेरिनच्या) बाटलीवर. तिच्यात सहसा बर्बेरिन क्लोराइड असतं, रेणुभार ३७१.८. नुसत्या बर्बेरिनचा ३३६.४. म्हणजे १० मिलिग्रॅम तोललं तर त्यात बर्बेरिन ९.०५. डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू जोडलेलं) असेल तर ८.२५ च. लेबल नीट न वाचता केलेलं सगळं गणित दहा ते वीस टक्क्यांनी फुगतं, आणि आलेख मात्र अगदी सरळ रेषेत दिसतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. लेबलवरच्या शुद्धतेच्या टक्क्यानेही गुणा.

पुडीतला ओलावा १०५ अंशांवर वेगळ्या नमुन्यात काढा. ८ टक्के निघाला, तर कोरड्या पुडीचं प्रमाण मिळायला उत्तराला ०.९२ ने भागा. शेवटी पुडीत मोजून बर्बेरिन घाला आणि पहिल्यापासून सगळं करा. घातलेलं जवळपास पूर्ण परत मिळालं नाही, तर यंत्राकडे जाण्याआधी गाळणी आणि फ्लास्ककडे परत जा.