डोळ्यातली गाठ हुकू नये म्हणून ओपीडीत काय तयार ठेवायचं

सगळ्यात आधी खोलीत अंधार होतो का ते पाहा. हसू नका. माझ्या जुन्या ओपीडीत कूलरच्या खिडकीतून मे महिन्याचं ऊन थेट टेबलावर यायचं. बाळाची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली असायची आणि मी कागदावर ‘रेड रिफ्लेक्स नॉर्मल’ (उजेड टाकल्यावर बाहुलीतून परत येणारी लाल चमक ठीक) लिहून मोकळा व्हायचो. जाड काळा पडदा शिवून घेतला, त्यानंतर कुठे खरं दिसायला लागलं. उन्हातून आलेल्या मायलेकरांना अंधारात दोन-चार मिनिटं नुसतं बसू द्या. बाळ आईच्या मांडीवरच असू द्या, टेबलावर ठेवलं की ते रडतं आणि डोळे गच्च मिटतं.

ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उजेडाचं यंत्र, सकाळीच चार्ज करून ठेवा. सेल उतरला की उजेड पिवळा पडतो आणि मग सगळ्यांचेच डोळे संशयास्पद वाटतात. लेन्स शून्यावर ठेवा, हातभर अंतरावरून दोन्ही डोळ्यांवर एकाच वेळी उजेड टाका. आपल्याकडच्या मुलांची चमक पुस्तकातल्या फोटोइतकी लालभडक नसते, गडद विटकरी असते. त्यामुळे रंगापेक्षा तुलना महत्त्वाची: डावा आणि उजवा सारखे आहेत का? एक फिका, पांढरट किंवा काळा वाटला की बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी व्हायलाच हवी. ते थेंब, म्हणजे ट्रॉपिकामाइड, जवळ आहेत का, मुदत संपली नाही ना, हे आदल्या दिवशी बघा. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून थेंब आधी टाकायला लावा आणि बाकीचे पेशंट मध्ये घ्या.

एवढा खटाटोप रेटिनोब्लास्टोमासाठी. मुलांच्या डोळ्याच्या आत होणारा हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, साधारण 15 ते 20 हजार जन्मांत एक. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात. दोन्ही डोळ्यांत असेल तर पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच लक्षात येतो. काटोल-उमरेडकडची एखादी आई सांगते, ‘डाक्टर, लेकराचा डोया अंधारात मांजरावानी चमकते जी,’ तेव्हा तिने अर्धं निदान करूनच आणलेलं असतं. तिला मोबाइलमधले फ्लॅशचे फोटो दाखवायला सांगा. एकाच फोटोत पांढरं दिसलं तर बाळ तिरकं बघत असताना ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती फिकट जागा) चमकली असेल, पण त्याच डोळ्यात पुन्हा पुन्हा दिसत असेल तर वाट बघू नका. तिरळेपणा हे दुसरं मोठं लक्षण. ‘मोठा झाला की जाईल’ हे वाक्य आपल्या तोंडातून कायमचं काढून टाका. सहा महिन्यांपुढच्या कुठल्याही तिरळ्या डोळ्याचा पडदा पाहिल्याशिवाय पोट्ट्याला घरी पाठवू नका.

काय करायचं नाही, हेही भिंतीवर लिहून ठेवा. संशय असलेल्या डोळ्यात सुई घालायची नाही, बायोप्सीसाठीसुद्धा नाही, कर्करोगाच्या पेशी डोळ्याबाहेर सांडतात. बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीत) कॅल्शियमचे चमकदार ठिपके दिसले तर निदानाला बळ येतं. मेंदू आणि ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) पाहायला एमआरआय. सीटी शक्यतो टाळा, कारण या आजारामागच्या आरबी-1 जनुकातला दोष जन्मजात असलेल्या मुलांना किरणोत्सर्ग पुढे महागात पडतो. दोन्ही डोळ्यांचा आजार असेल तर हा दोष जन्मजातच धरायचा, म्हणून भावंडांना आणि आईवडिलांनाही थेंब टाकून तपासायला बोलवा. घरात आधी कोणाला नव्हतं म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेकांच्या घरात नसतंच.

रेफर करायची चिठ्ठी छापून ठेवण्यापेक्षा फोन नंबर जवळ ठेवा. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, यांपैकी कुठे लहान मुलांना भूल देऊन डोळा तपासतात आणि कुठल्या वारी, ते एकदा फोन करून वहीत लिहा. गडचिरोलीहून बस बदलत आलेल्या बापाला ‘ती ओपीडी गुरुवारी असते’ हे नागपुरात पोचल्यावर कळता कामा नये. शाळा-अंगणवाडीतली मुलं तपासणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तुमच्या तालुक्यात फिरतातच, त्यांच्याही गाडीत एक चार्ज केलेला ऑप्थॅल्मोस्कोप असू द्या.

आता मोठ्या माणसांकडे. इथे मी स्वतः चुकलो आहे. साठीतली बाई, वरच्या पापणीवर रांजणवाडी. कापली, गाळ बादलीत टाकला. सहा महिन्यांनी तीच जागा, तीच गाठ, आणि त्या भागातले पापणीचे केस गळलेले. दुसऱ्या वेळी नमुना पाठवला, तर सिबेशियस (पापणीतल्या तेलाच्या) ग्रंथींचा कर्करोग. भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये हा बराच दिसतो आणि रांजणवाडीचं किंवा एकाच डोळ्याच्या चिवट ब्लेफरायटिसचं (पापणीच्या कडेच्या सुजेचं) सोंग घेतो. तेव्हापासून नमुना टिकवणाऱ्या फॉर्मालिनची बरणी टेबलाखाली कायम असते. ती तुमच्याकडेही हवी. द्रव नमुन्याच्या दहापट तरी असावा, चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली (पेनची शाई विरघळते), त्यावर डोळा कुठला, पापणी वरची की खालची.

शेतात उन्हात राबणाऱ्या माणसाला बुबुळाच्या कडेला ‘मांस आलंय’ म्हटलं की आपण टेरिजियम (बुबुळावर चढणारी साधी, कर्करोग नसलेली वाढ) म्हणून सोडून देतो. स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर) तिथे पांढरा खरखरीत थर किंवा फुलकोबीसारखा पृष्ठभाग आहे का, जाड रक्तवाहिन्या त्याच्याकडे धावताहेत का, ते बघा. असेल तर तो डोळ्याच्या पृष्ठभागावरचा कर्करोग असू शकतो, अर्धवट छाटू नका. तरुण माणसात दिसला तर एचआयव्हीची चाचणीही करून घ्या. काढलेला तुकडा कागदावर सपाट पसरूनच फॉर्मालिनमध्ये टाकायचा, गुंडाळला तर पॅथॉलॉजिस्टला कडा कळत नाहीत.

डोळ्याच्या आतला मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) आपल्याकडे विरळा, त्यावर फार वेळ घालवत नाही. मात्र स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा पेशंट ‘नजर धूसर झाली’ म्हणाला की चष्म्याचा नंबर काढण्याआधी थेंब टाकून पडदा बघा, तोच कर्करोग डोळ्यात पसरलेला असू शकतो.

शेवटी एक साधी वही. पाठवलेला प्रत्येक नमुना, रेफर केलेलं प्रत्येक मूल, तारीख आणि घरच्यांचा फोन नंबर. पुढचा रकाना रिकामा सोडा, आणि रिपोर्ट आला किंवा मूल पोचल्याचं कळलं तरच तो भरा. दर शनिवारी सिस्टरना रिकाम्या रकान्यांना फोन लावायला सांगा.