जुना ग्रँडस्टँड बघायचा कसा

वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्यामुळे इंग्लंडला निघालेल्या भाच्याला लोखंडापासूनच सांगतो. व्हिक्टोरियन ग्रँडस्टँडसमोर, म्हणजे मैदानाकाठच्या छपराखालच्या प्रेक्षक-बैठकीसमोर, गेलास की सेल्फी नंतर, आधी खांबाला हात लाव. गोल, नक्षीदार आणि अंगावर साच्याची बारीक सांधरेघ? मग ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बीड दाब झेलतं, ताण नाही. म्हणून ते खांबात वापरायचे. वरची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, घडीव लोखंडाची, नाहीतर लाकडी. रिव्हेटची, म्हणजे ठोकून बसवलेल्या जोडखिळ्यांची, डोकी शोध. वेल्डिंग दिसलं तर ती मागाहूनची मलमपट्टी. काही खांब पोकळ असतात, छताचं पाणी त्यांतूनच उतरतं. तिथे तळाशी गंज बघच.

मग खांबामागच्या जागेवर बस. मैदानाचा एक तुकडा गायब! त्या काळी एवढं छप्पर खांबांशिवाय पेलणं महागात जायचं.

लाकडी फळ्यांमधल्या फटीही बघ. ब्रॅडफर्डला 1985 साली जुन्या लाकडी स्टँडखाली अशाच फटींतून पडून साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला, 56 माणसं गेली.

ग्रेट यार्मथचा 1892चा स्टँड लाकडी. लॉर्ड्सचं पॅव्हेलियन मात्र विटा आणि टेराकोटाचं, थॉमस व्हेरिटीने 1889-90मध्ये उभारलेलं. ते आतून बघायला टूर आधीच बुक कर.